विहिरीवरचे पांढरे दाणे

कोथरूडच्या आमच्या नर्सरीत येणारं गिऱ्हाईक रोपापेक्षा प्रश्नच जास्त घेऊन येतं. "हे पांढरं काय, थर्माकोल?" असं कुणी विचारलं की काउंटरवर मी तोंड उघडायच्या आत आमचे माळी भीमराव सांगायचे, "दगडाच्या लाह्या हायत त्या, ताई." ते खरंच होतं. परलाईट नावाचा ज्वालामुखीचा दगड भट्टीत तापवला की ज्वारीसारखा फुटतो. कुंडीतली माती भुसभुशीत राहावी म्हणून आम्ही ते दाणे तिच्यात मिसळतो.

भीमराव लोणी काळभोरहून येत, स्वारगेटला बस बदलून. सारी उमर माती कालवण्यात गेलेली. घरामागे त्यांच्या वडिलांनी खोदलेली विहीर होती. वडिलांच्या लहानपणी गावच्या विहिरीला यांचा हात लागलेला चालत नसे. कुणीतरी वरून ओतायचं आणि यांनी खाली ओंजळ धरायची. छप्पन साली घराने धम्म स्वीकारला, आणि वडिलांनी स्वतःच्या जागेत पहार मारली. "आता आपली घागर कुणाच्या दारी जायची नाही," असं ते म्हणत. भीमराव हे वाक्य गिऱ्हाइकांनासुद्धा ऐकवत.

मागच्या उन्हाळ्यात सोलापूर रस्त्यावर डिझेलचा टँकर उलटला. नाल्यातून डिझेल थेट विहिरीत उतरलं. साहेब लोक आले, फोटो काढले आणि 'पाणी वापरू नये' अशी पाटी ठोकून गेले. एवढं कळायला साहेब कशाला हवा? नाक पुरेसं होतं.

भीमरावांना मात्र दाणे आठवले. एकदा नर्सरीच्या टेम्पोचं तेल डबक्यात गळलं होतं आणि त्यावर परलाईटचं पोतं फुटलं होतं. दाणे तरंगत तरंगत काळे झाले आणि डबकं निवळलं, हे आम्ही दोघांनीही पाहिलं होतं. भीमराव बसमधून पोती नेऊ लागले. "काका, पोत्याचं तिकीट काढलंत का?" म्हणून कंडक्टर रोज टोमणा मारायचा. विहिरीवर दाणे पसरायचे, त्यांना तवंग पिऊ द्यायचा, मग जुन्या मच्छरदाणीने गाळून काढायचे. एके दिवशी ते ओरडतच नर्सरीत शिरले, "पाणी निवळलं! तळ दिसतुया!" त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले, मला आग्रहाने दुसराही दिला.

आषाढात तवंग परत आला. त्यांनी काढला, तो पुन्हा आला. मग एका सकाळी त्यांच्या पत्नी सुंदराबाईंनी विहिरीवरून हाक मारली, "आवं, हिकडं बघा. ह्या दगडातनं झिरपतंय."

त्या दगडांच्या वर उंबर होता, आणि उंबराखाली भीमरावांचा खड्डा. नर्सरीत काही फेकून देत नाहीत. जुनी माती, वापरलेले दाणे, सगळं झाडाखाली पुरतात. विहिरीतून गाळलेल्या दाण्यांबाबतही त्यांच्या हातांनी तीच सवय पाळली होती. पावसाने दाणे धुतले आणि प्यालेलं डिझेल जमिनीत उतरलं. वर तरंगत होतं तोवर ते गाळता तरी येत होतं. भीमरावांनी खड्डा उपसला, पण झरा कसा उपसणार?

"टँकरवाल्यानं एकदाच सांडलं," ते मला म्हणाले. "मुरवलं मी. माझ्या हातानं."

पाटी ठोकणाऱ्यांपैकी एकाने जरी पुन्हा येऊन विचारलं असतं, की गाळलेलं टाकता कुठे? मला अजून संताप येतो.

दिवाळीनंतर मी त्यांच्या घरी गेलो. चहासाठी पाणी आणायला सुंदराबाई रस्त्यापलीकडे विमलाबाईंच्या बोअरवर गेल्या. विमलाबाई मनाने चांगल्या. "कधीही या हो," म्हणत त्या ओट्यावर चढल्या आणि त्यांनी वरून पाईप धरला. सुंदराबाई खाली घागर धरून उभ्या राहिल्या. भीमराव दारातून ते पाहत होते.

चहा आला. मी प्यालो. भीमरावांनी कप हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला आणि तसाच खाली ठेवला.