नायिका कॉलेजात गेली होती

ऐंशी वर्षांच्या बाईला ट्रॅकसूट घालायचा असेल तर तिने जरूर घालावा, माझं काही म्हणणं नाही. पण ती बाई माझ्या आवडत्या कादंबरीची नायिका असेल, तर मला दोन शब्द बोलायचा हक्क आहे.

मूळ कादंबरी आमच्या लहानपणीसुद्धा जुनीच होती. तिचा पुढचा भाग आता कोणा नव्या लेखकाने लिहिला आणि खामगावच्या आमच्या वाचक मंडळाने तो वाचायला घेतला. मंडळ म्हणजे आम्ही सात-आठ रिटायर लोक. दर रविवारी सकाळी वाचनालयात जमतो आणि चहा येईपर्यंत एकमेकांचं ऐकूनही घेतो. नव्या पुस्तकात नायिका बागेत पळते, कडू कॉफी पिते आणि सुनेला म्हणते, "मला माझी स्पेस हवी." मूळ पुस्तकात बायकोशी धड चार वाक्यं न बोललेला नायक आता मोबाइलवर कविता टाकतो. हे सगळं मी दात-ओठ खात सहन केलं. पण एका पानावर ती नातीला सांगते, "मला कॉलेजात जायचं होतं गं, आईने पाठवलं नाही." इथे माझं डोकं फिरलं.

कारण नायिका कॉलेजात गेली होती. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

ऐकलं म्हणते, कारण ती कादंबरी मी कधी हातात घेऊन वाचलीच नाही. अमडापूरला उन्हाळ्यात आमच्या घरी पापड लाटायला गल्लीतल्या बाया जमत. दुपारभर लाटणी चालत आणि माझी थोरली बहीण पोथी वाचावी तशी कादंबरी मोठ्याने वाचायची. वाचणारीला लाटणं माफ, म्हणून मला तिचा फार हेवा वाटे. बाया ऐकता ऐकता पात्रांना सल्ले देत, शिव्या घालत. "त्या मुडद्याच्या घरी देऊ नका व पोरीले!" असं कोणी ओरडलं की माझी आईही मान डोलवायची. आणि मग तो प्रसंग आला. नायिकेची आई स्वतः ट्रंक उचलते, मुलीला स्टेशनवर नेते आणि म्हणते, "जा बाई, शीक. मागे वळून पाहू नको." बाया लाटणी बाजूला ठेवून रडल्या. सगळ्यांत जास्त माझी आई.

त्याच जूनमध्ये आईने मला खामगावच्या कॉलेजात घातलं. पुढे मी शिक्षिका झाले आणि नोकरीभर प्रत्येक वर्गाला तो ट्रंकेचा प्रसंग रंगवून सांगितला. मला त्या आईचा आधार वाटायचा. तो प्रसंगच कोणी एका वाक्यात पुसून टाकावा, हे मी कसं ऐकून घेऊ?

मंडळात मी अर्धा तास बोलले. "या गृहस्थाने मूळ पुस्तक उघडूनही पाहिलेलं नाही," असं ठणकावून सांगितलं आणि पुराव्यासाठी कपाटातली जुनी प्रत काढायला लावली. पानं उलटत गेले. ट्रंक सापडेना, स्टेशन सापडेना. सापडलं ते एवढंच की आई "नाही" म्हणते, आणि पुढच्या प्रकरणात मुलीच्या अंगाला हळद लागते. मंडळातले रिटायर पोस्टमास्तर चष्म्यावरून पाहत म्हणाले, "मॅडम, गाडी लेट हाय का?" सगळे हसले. मीही हसले, पण आतून फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी पोरांना न घडलेलंच सांगत होते.

दुपारच्या एसटीने तडक जळगाव जामोदला बहिणीकडे गेले. ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पाणी प्यायच्या आधीच मी सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"हाव, म्याच घातलं ते," ती म्हणाली. "टरंक, टेशन, सारं."

"पण काऊन?"

"मायनं मावशीले सांगून ठेवलं होतं, औंदा लहानीच्या लग्नाचंही पाहून टाकू म्हणून. म्या बोलली असती तं कोणी आयकलं असतं? पुस्तकात लिहेल हाय म्हटलं का साऱ्या आयकत होत्या." मग ती खो खो हसायला लागली. "अन् तो लेखक तं बिचारा इमानदार निंगाला व! त्याले काऊन शिव्या देऊन राह्यली तू?"

मॅट्रिकला तिला माझ्याहून जास्त मार्क होते. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न आधीच ठरलेलं होतं आणि दिवाळीनंतर ते झालंही. हे सगळं मला माहीत होतं, तरी पुढचा प्रश्न आजवर कधी सुचला नव्हता, याची मला लाज वाटली.

"ताई, मग तुह्या वक्ताले काऊन नाही वाचलं असं काही?"

तिने शेंगेतले दाणे टोपल्यात टाकले आणि दुसरी शेंग घेतली.

"माह्या वक्ताले माह्यासाठी वाचणारं घरात कोण होतं व?"