बुर्गीच्या फळ्यावरचं शून्य

टिरोलच्या डोंगरातल्या आमच्या हिंटरलान गावात रात्र दुपारी तीनला सुरू होते. त्या वेळी उतारावरची मंडळी पायातल्या स्की काढून बर्फात रोवतात आणि ते जडशीळ बूट तसेच घालून वर सोनलाइटनच्या झोपडीत शिरतात. झोपडी म्हणायची आपली पद्धत. आत दीडशे माणसं मावतात, आणि त्यातली तीस-चाळीस बाकांवर उभी राहून नाचत असतात. रात्री नऊला हीच माणसं खालच्या हॉटेलांत घोरत पडलेली सापडतील. टिरोलच्या ज्या रात्रीचं शहरातले लोक एवढं कौतुक करतात, ती रात्र ही अशी भर उन्हातली.

या रात्रीची मालकीण बुर्गी लेखनर. वय एकसष्ट, उंची बेताची, पण दंड पैलवानाला शोभतील असे, कारण अर्ध्या लिटरचे दहा मग ती एका खेपेत उचलते आणि वाटेत थेंब सांडत नाही. स्वतः मात्र ती रानफुलांच्या सरबतापलीकडे काही पीत नाही. मीच प्यायले तर यांच्याकडे बघणार कोण, असं तिचं म्हणणं. निघालेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती उंबरठ्यावर उभी राहून न्याहाळते. पाऊल जरा तिरकं पडलं की त्याच्या स्की काढून घेते आणि त्याला दंडाला धरून दोरावरून खाली जाणाऱ्या लिफ्टच्या डब्यात नेऊन बसवते. एकदा यात एक न्यायाधीशही सापडला होता. त्याने आपला हुद्दा सांगितला, तेव्हा बुर्गीने त्याला डब्यात खिडकीजवळची जागा दिली.

ही झोपडी एके काळी गोठा होती. बापाने वाटण्या केल्या तेव्हा थोरल्या हेडीला गावातली ‘ओक्सन’ ही जुनी खानावळ मिळाली, आणि धाकट्या बुर्गीच्या वाट्याला डोंगरावरचा गोठा, बारा गाई आणि गळकं छप्पर आलं. सगळा गाव बुर्गीसाठी हळहळला. सहा वर्षांनी लिफ्टवाल्यांनी नेमका गोठ्यापासून चाळीस पावलांवर खांब रोवला, आणि मग तोच गाव हेडीसाठी हळहळू लागला. हळहळायला आमच्या गावाला नेहमीच वेळ असतो.

हेडीही काही हात बांधून बसणाऱ्यातली नव्हे. वर बुर्गीने बिअरचा भाव लिहिला की खाली लिफ्टच्या पायथ्याशी हेडीचा फळा लागायचा, ‘ओक्सन, वरच्यापेक्षा दहा सेंट स्वस्त’. बुर्गीची सहा युरो वीसला, तर हेडीची सहा दहाला. दोघी बहिणी यावर पोट धरून हसायच्या. मग एका हिवाळ्यात हेडीने त्याखाली आणखी एक ओळ लिहिली, ‘आणि पाणी न घालता’. तिला वाटलं, थट्टा आहे. पण बिअरमध्ये पाणी घालतेस म्हणणं म्हणजे आमच्याकडे थेट बापाच्या नावाला हात घालणं. बुर्गीने ती ओळ पुसायला सांगितली. हेडी म्हणाली, थट्टा कळत नसेल तर फळा वाचू नकोस. झालं, अबोला धरला गेला आणि अकरा वर्षं टिकला. ओळ तशीच राहिली.

दोघींमधला निरोप्या होता आल्फोन्स. रात्री उतारावरचं बर्फ सारखं करणारं ते रणगाड्याएवढं यंत्र तो चालवतो, गावात त्या यंत्राला सुरवंट म्हणतात. आल्फोन्स कामावर जाताना बुर्गीकडे कॉफी घ्यायचा आणि सकाळी काम संपलं की हेडीकडे सूप प्यायचा, त्यामुळे आईच्या कबरीवर फुलं ठेवायची पाळी कोणाची, कबरीच्या जागेच्या कागदावर सही कुठे करायची, हे सगळं त्याच्या तोंडून वरखाली जायचं. लग्न न करता मला दोन सासवा मिळाल्या, असं तो म्हणायचा.

याच आल्फोन्समुळे बुर्गीला पाच वाजता झोपडी रिकामी करावी लागते. उतार एवढा उभा आहे, की त्याचा सुरवंट वरच्या खांबाला पोलादी दोर बांधून त्याच्या आधाराने चढतो. दोर बर्फात बुडालेला असतो आणि ताणला की एकदम उसळतो. त्या वेळी कोणी उतारावर असला तर त्याचं काही खरं नाही. म्हणून पाचनंतर उतारावरून एकही माणूस जाता कामा नये, हा नियम. पण रंगात आलेल्या दीडशे माणसांना उठवायचं कसं?

त्याचा तोडगा बुर्गीला चौदा वर्षांपूर्वी सापडला होता. उठायचं नाव न घेणाऱ्या एका टोळक्यावर ती एवढी चिडली, की तिने फळ्यावरचा आकडा पुसून दोन युरोंनी वाढवला. टोळकं कुरकुरत उठलं आणि गेलं. तेव्हापासून रोज चार वाजले की भाव चढायला लागायचा. चारला आठ युरो, सव्वाचारला दहा, साडेचारला पंधरा. दुसरीकडे संध्याकाळी दारू स्वस्त करून माणसं बोलावतात, ही बया महाग करून हाकलायची. पैशाला जपणारे डच पाहुणे तर आठचा आकडा दिसला की टोप्या चढवायचे. पावणेपाचपर्यंत आत फक्त खुर्च्या उरायच्या.

त्या फेब्रुवारीत मात्र तोडगा दोनदा फसला. एकदा पाच वाजून दहा मिनिटं झाली, एकदा वीस. आल्फोन्स इंजिन चालू ठेवून बसून राहिला आणि लिफ्टवाल्यांचं पत्र आलं. तिसऱ्यांदा उशीर झाला, तर सोनलाइटन तीन वाजता बंद करावं लागेल. बुर्गीने पत्र दोनदा वाचलं आणि पीठ ठेवायच्या डब्याखाली सरकवलं. तीनला बंद म्हणजे रात्र सुरू व्हायच्या आधीच दार लावायचं. उरला काय, सुपाचा धंदा. सात माणसं तिच्याकडे कामाला होती, त्यातल्या पाचांना घरी पाठवावं लागलं असतं. गोठ्यातून उभी केलेली तीस वर्षं पुन्हा गोठ्याच्याच मोलाची झाली असती. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

आणि त्याच आठवड्यात शनिवारी नॉर्वेवाले आले. चौतीस जण, सगळे तरुण, त्यातल्या आइविंडचं पुढच्या आठवड्यात लग्न, म्हणून त्याच्या गळ्यात गाईची घंटा बांधलेली. पोरं गोड होती. रिकामे मग आपणहून परत आणून द्यायची, आणि दर गाण्यानंतर बुर्गीच्या नावाने टाळ्या वाजवायची. चार वाजता तिने आठ लिहिलं. कोणी मान वर केली नाही. सव्वाचारला दहा लिहिलं, तेव्हा आइविंडने फळ्याकडे बघून समाधानाने मान डोलावली.

“मावशी, आता कुठे घरी आल्यासारखं वाटलं,” तो म्हणाला. “आमच्याकडे रोजचाच भाव हा.”

बुर्गीने घड्याळाकडे पाहिलं. साडेचारला तिने पंधरा लिहिलं, आकडा मुद्दाम मोठा काढला. झोपडीत जो जल्लोष उठला तो खाली गावात ऐकू गेला म्हणतात. पंधरा युरोची बिअर पहिली कोण घेणार यावर नॉर्वेवाल्यांची चढाओढ लागली. भरले मग हातात घेऊन फळ्याबरोबर फोटो. उठून निघालेले डचही परत बसले, कारण आइविंडने सगळ्यांना आपल्यातर्फे एकेक सांगितली होती, आणि दुसऱ्याच्या पैशाने पंधरा युरोची बिअर सोडून जाईल असा डच अजून जन्माला यायचा आहे. बुर्गीने गाणी बंद केली, तर पोरं स्वतःच गायला लागली.

चार पस्तीसला गल्ल्याजवळचा वायरलेस खरखरला. आल्फोन्सने विचारलं, रिकामं झालं का. बुर्गी म्हणाली, एकशेवीस आहेत.

खडू तिच्या हातातच होता. महाग केलं तर बसतात, मग उठतील कशाने? तिने फळा ओल्या फडक्याने पुसला आणि मधोमध एक मोठं शून्य काढलं. छप्पर उडेल असा ओरडा झाला. मग तिने शून्याखाली एक नाव लिहिलं. अकरा वर्षांत ते नाव तिने कुठेच लिहिलं नव्हतं.

ती बाकावर चढली आणि तिने माइक हातात घेतला.

“बिअर फुकट आहे, पण इथे नाही. खाली ओक्सनमध्ये, माझ्या बहिणीकडे, सव्वापाचपर्यंत. लिफ्टने गेलात तरी मिळेल. उतारावर शर्यत लावलीत तर थेंब मिळणार नाही, मला सगळं दिसतं.”

चौदा वर्षांत झोपडी एवढ्या झटपट कधी रिकामी झाली नव्हती. उंबरठ्यावर रांग लागली. बुर्गीने एकेकाचं पाऊल पाहिलं आणि चाळीसेक जणांना डब्यांत बसवलं, त्यांत घंटेसकट आइविंडही होता. मग तिने संडासांची दारं वाजवली आणि बाकाखाली डोकावून पाहिलं. चार छप्पन्नला तिने वायरलेसवर सांगितलं, सोनलाइटन रिकामं.

आल्फोन्सने सुटकेचा निःश्वास टाकला, तो तिला ऐकू आला. मग त्याने विचारलं, “हेडीला कळवलंस?”

“तू कळव.”

“रोजचं कळवतो गं. हे नाही कळवणार. हे तुझं तू निस्तर.”

बुर्गीने आपली लाकडी घसरगाडी बाहेर काढली. रोज ती शेवटच्या क्षणी कडेच्या वाटेने घसरत गावात उतरते, सात मिनिटांत. त्या दिवशी ती सात मिनिटं तिला फार लांब वाटली. हेडीने दार लावून घेतलं असेल तर? एकशेवीस माणसं बाहेर उभी असतील आणि सगळा गाव बघत असेल. हेडीने तसं केलं तर चूक तिची नाही, हेही बुर्गीला कळत होतं. न विचारता दुसऱ्याची पिंपं लुटायला लावली होती तिने. झोपडी वाचली होती, पण बहिणीसमोर उभं राहायचं कसं?

ओक्सनसमोर स्कींचं कुंपण उभं राहिलं होतं. दार सताड उघडं होतं आणि आतून घंटेचा आवाज येत होता. बुर्गी पुढून गेली नाही. लहानपणी यायची तशी मागच्या स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरली.

हेडी दोन्ही हातांनी नळावर बिअर भरत होती. चेहरा लालबुंद, केस सुटलेले, वय सदुसष्ट. तिने मान वळवली नाही.

“अकरा वर्षांनी आलीस ती एकशेवीस माणसं घेऊन,” ती म्हणाली. “एकटीला यायला लाज वाटत होती?”

“वाटत होती,” बुर्गी म्हणाली. “झोपडी जाणार होती, हेडी. मला दुसरं कोणाचं नाव सुचलं नाही.”

हेडीने नळ बंद केला. एक भरलेला मग उचलून काठावरचा फेस लाकडी पट्टीने उडवला, तो बुर्गीच्या हातात दिला आणि पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

“चव घे. पाणी आहे का सांग.”

बुर्गीने आयुष्यातला बिअरचा पहिला घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, पाण्यानेच बरी लागली असती. हेडीला हसू फुटलं ते थांबेना. तिला नळाला धरून उभं राहावं लागलं. बुर्गीही हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग हेडीने खुंटीवरचा अ‍ॅप्रन तिच्या अंगावर फेकला. रडणं नंतर, आधी हे मग धू, असं तिने फर्मावलं.

पहिली फुकट होती, दुसरी सहा दहाला. नॉर्वेवाल्यांना हा भाव ऐकून हेडीची दया आली, आणि त्यांनी दयेपोटी सातपर्यंत तिची सगळी पिंपं रिकामी केली. मांसाचे गोळे, आंबट कोबी, उद्याचा पाव, सगळं संपलं. दुपारी तीनची रात्र तीस वर्षं ओक्सनच्या डोक्यावरून जात होती, ती त्या दिवशी पहिल्यांदा घरात आली. बुर्गी एका खेपेला दहा मग नेत होती आणि हेडी गल्ल्यामागून सगळ्यांना सांगत होती, ही माझी धाकटी. आता बुर्गीचा फळा रोज पावणेपाचला शून्यावर जातो आणि माणसं आपणहून उठतात. लिफ्टवाल्यांचं दुसरं पत्र काही आलं नाही.

त्या शनिवारनंतर दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला आल्फोन्स काम संपवून खाली आला. लिफ्टच्या पायथ्याशी हेडीच्या फळ्यापुढे तो थबकला. भाव लिहिला होता सहा वीस. वरचाच. आणि त्याखालची ओळ पुसलेली होती, अकरा वर्षांच्या खडूचा नुसता पांढुरका डाग राहिला होता. कोणी गेल्याशिवाय हेडी ही ओळ पुसणार नाही, एवढं आल्फोन्सला माहीत होतं. तो तसाच ओक्सनमध्ये गेला, टोपी काढली आणि हलक्या आवाजात विचारलं, कोण गेलं.

“कोणी गेलं नाही,” हेडी म्हणाली. “एक आलीय. बस, सूप आणते.”

आतल्या चुलीपाशी बुर्गी नुसत्या मोज्यांवर बसून बटाटे सोलत होती. आल्फोन्सने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, आता माझं काम काय. त्या दिवशी त्याला सुपात दोन बटाटे जास्त मिळाले.