यादीतलं शेवटचं घर

आमचे हे बोटीवरची नोकरी संपवून कायमचे घरी आले, तेव्हा मला वाटलं होतं, आता माणूस बागेत लक्ष घालील. हापूसची कलमं आहेत, मागे नारळी आहेत, कामाला तोटा नाही. पण बागेत गेले की ह्यांना मुंग्या चावायच्या आणि घरात बसले की माझ्या आमटीत चुका सापडायच्या. शेवटी मीच म्हटलं, रत्नागिरीत जाऊन काहीतरी शिका. माझ्या मनात योगासनं होती. हे कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घालून आले आणि नातवंडांच्या वयाच्या मुलांबरोबर बाकावर बसून प्रोग्रॅम लिहायला शिकू लागले.

मग रोज जेवताना मला धडा. यादी म्हणजे रांगेत मांडलेले डबे आणि लूप म्हणजे एकेक डबा उघडत पुढे जाणं. त्या डब्यांचे नंबर म्हणे एकपासून नाही, शून्यापासून सुरू होतात. मी म्हटलं, पहिल्या डब्याला शून्य म्हणणाऱ्याला आमच्या नाक्यावरचा वाणी दुकानात उभा करणार नाही. त्यावर हे दोन दिवस फुगून बसले होते.

पण ह्यांच्या विद्येला गावातच काम निघालं. शिमग्याला देवीची पालखी घरोघर येते, आणि कुठल्या घरानंतर कुठलं घर, हे पूर्वापार ठरलेलं आहे. त्यात जरा मागेपुढे झालं की माणसं वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. हा सगळा क्रम माझ्या थोरल्या दिरांना पाठ होता. ते पालखीच्या पुढे चालत आणि पुढच्या घरी आधी निरोप देत. ते गेले, आणि गेल्या शिमग्याला नुसता गोंधळ झाला. मुंबईहून आलेली माणसं दारात ताटकळत उभी आणि पालखी भलत्याच वाडीत. तेव्हा यंदा क्रम लिहून काढायचा आणि छापून देवळात लावायचा असं गावाने ठरवलं. ह्यांनी लगेच ते काम अंगावर घेतलं.

प्रोग्रॅम केला तोही चांगला, खोटं कशाला बोलू. पडद्यावर एक खिडकी उघडायची, तिच्यात एक चौकट, चौकटीत घरवाल्याचं नाव लिहायचं आणि ‘जोडा’ म्हणून बटण दाबायचं. काही न लिहिता बटण दाबलं तर ती खिडकी पुन्हा पुन्हा नाव विचारत राही. नाव मिळेपर्यंत सोडत नसे. ह्या गोष्टीचा ह्यांना फार अभिमान. कीबोर्डवर मराठी अक्षरांचे कपटे चिकटवून हे लॅपटॉप घेऊन देवळाच्या ओसरीवर बसले आणि माणसं पालखीच्या क्रमाने येऊन आपापलं नाव घालून गेली.

सगळ्यात शेवटी माझी जाऊ आली, थोरल्या दिरांची बायको. तिचं घर अगदी खाडीकडेला आहे, तिथे पालखीची वाट संपते. गेल्या वर्षी घरात दुःख होतं, म्हणून पालखी तिच्या दारावरून परत फिरली होती. यंदा ती येणार म्हणून जाऊ पौष महिन्यापासून दिवस मोजत होती.

तिने चौकटीकडे बघितलं आणि विचारलं, “भावोजी, कुणाचं लिवू? आतापरेंत ह्यांचंच आसायचं.”

“आता तुमचंच लिहा, वहिनी,” हे म्हणाले.

मग एका बोटाने अक्षर शोधत शोधत तिने आपलं नाव लिहिलं. देवाच्या कामात तिचं स्वतःचं नाव तोवर कुठे लिहिलं गेलं नव्हतं. पदराला बोट पुसून ती उठली, तेव्हा तिचा चेहरा बघून मला गलबलून आलं.

दुसऱ्या दिवशी यादी छापून देवळाच्या भिंतीवर लागली. माणसाचा स्वभाव असा की जो तो आपलं नाव बघतो आणि घरी जातो. मीही तेच केलं. जाऊ मात्र त्या कागदासमोर बराच वेळ उभी होती असं मला नंतर कळलं.

पालखी दोन दिवसांवर आली तेव्हा मी कोकमं द्यायला तिच्याकडे गेले. बघते तर अंगण सारवलेलं नाही, पायरीवर पाचोळा पडलेला. ही बाई एरवी आठवडाभर आधी आम्हाला सगळ्यांना कामाला लावते. मला वाटलं, आजारी पडली. ती आत शांतपणे तांदूळ निवडत बसली होती.

“हे काय, जाऊबाई? तयारी कधी करायची?”

“कशाची तयारी? माजं नाव नाय त्या कागदावर.”

“नाही कसं? माझ्यासमोर लिहिलंत.”

“लिवलं गो. पन गावाला पसंत नसंल. बाईमानसाचं नाव, त्यात मी ही अशी. काडलंनी आसंल.” मान वर न करता ती म्हणाली, “तू कुनाला काय विचारू नको. मला भांडान नको.”

मी विचारलं नाही, मी सरळ घरी येऊन ह्यांच्यावर आग पाखडली. गावाच्या दबावाला बळी पडून सख्ख्या वहिनीचं नाव काढलंत म्हणून तोंडाला येईल ते बोलले. ह्यांना काही उमजेना. ह्यांनी लॅपटॉप उघडला. पडद्यावरच्या यादीत जावेचं नाव तळाला नीट होतं. छापलेल्या कागदावर मात्र नव्हतं.

“मशीन चुकत नाही,” हे म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

मग हे वही घेऊन बसले. मोजणी शून्यापासून, तेव्हा दहा घरं असली तर शेवटच्या घराचा नंबर नऊ. म्हणून ह्यांनी छपाईच्या लूपला हिशेबाने एक कमी करून सांगितलं होतं. पण तो लूप मुळातच असा की जो आकडा सांगाल त्याच्या एक अलीकडे थांबतो. एक त्याने कमी केला, एक ह्यांनी. शेवटचं घर राहून गेलं. कुणाच्याही मनात काही नव्हतं आणि तिकडे ती बाई अंगण न सारवता बसली होती. मी कपाळाला हात लावला.

ह्यांनी तो उणे एक खोडला आणि चहासुद्धा न घेता लॅपटॉप काखेत मारून खाडीकडे निघाले. मी मागोमाग. जावेच्या ओटीवर बसून ह्यांनी शून्यापासून सगळं सांगायला घेतलं. डबे झाले, लूप झाला. ती तांदळातले खडे काढत ऐकून घेत होती.

मधेच तिने थांबवलं. “म्हंजे गावानं नाय काडलंन?”

“गावाने नाही, वहिनी. मी. माझ्या हातून राहिलं.”

“तुमच्या हातून?”

“हो.”

“मग चालंल,” ती म्हणाली. “मी लगीन होऊन आले तेवा तुमी चौथीत होतात. पाटी घेतलीत तर पेन्शील घरी राहायची. मीच धावत आनून द्यायचे.”

ह्यांनी खाली बघून बटण दाबलं. पडद्यावर घरं एकेक करून उतरू लागली, वरच्या वाडीपासून खाडीपर्यंत, आणि सगळ्यांच्या खाली तिचं नाव येऊन थांबलं. ती वाकून बघत राहिली. डोळ्यांत पाणी होतं, ते तिने पुसलंही नाही.

“परत दाबा,” ती म्हणाली.

ह्यांनी परत दाबलं. घरं पुन्हा पहिल्यापासून उतरली आणि तिचं नाव पुन्हा आलं. मग ती सूप बाजूला ठेवून उठली आणि मला म्हणाली, “बसलीस काय? गोठ्यातनं शेन आन, आंगान सारवायचं हाय.”