कोपऱ्यावरची खानावळ आणि आईचं मीठ

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खानावळ आहे. चार टेबलं, दाराबाहेर ताटकळलेली माणसं, आणि आत गरम ज्वारीची भाकरी, वरण, शेपूची भाजी, कांदा. बस्स. पण काय चव! उन्हाळ्यापासून मी रोज संध्याकाळी तिथंच जेवत होतो, घरी न सांगता.

कारण आई. वडील गेल्यावर तिला पिशोरहून इकडं आणली. गावात तिच्या हातचं खायला आख्खी भावकी टपलेली असायची. इकडं मात्र तिचं मीठ बिघडलं. आधी जरा जास्त, मग तोंडात घालवेना इतकं. आमच्यात ताटावर बसून अन्नाला नावं ठेवत नाहीत. बायको ताकाबरोबर ढकलायची. एरवी मी भाजीवाल्याशीसुद्धा भांडणारा माणूस, पण आईपुढं दातखीळ बसली. खानावळीत पोट भरायचं आणि घरी येऊन म्हणायचं, पित्त झालंय, भूक नाही. आईनं माझ्या पोटासाठी सोमवार धरले. तेही मी मुकाट्यानं बघत राहिलो. लाज वाटायची, नाही असं नाही, पण पोट भरल्यावर.

मागच्या आठवड्यात मी वरणात भाकरी कुस्करत होतो आणि दारात आई उभी. खानावळवाल्या बाईंना ती विचारत होती, पोराला घरचं अन्न जात नाही, त्याच्यासाठी एखादा हलका डबा कराल का. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग आईनंही पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती रागावली नाही. समोर येऊन बसली, माझ्याच ताटातला घास तोंडात घातला आणि कितीतरी वेळ घोळवत राहिली.

"हेबी तसंच लागतंय," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, इकडच्या मिठातच दम नाय."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तिच्या जिभेची चवच गेली होती. नैवेद्याआधी चाखायचं नाही, म्हणून तिचा सगळा स्वयंपाक हाताच्या अंदाजानं. नंतर स्वतः जेवताना अळणी लागायचं, म्हणून दुसऱ्या दिवशी ती आणखी चिमूटभर टाकायची. सून काही बोलत नाही, म्हणजे ठीकच असेल, असं धरून चालायची.

मी मान खाली घालून म्हणालो, "उद्या डॉक्टरकडं जाऊ."

"जाऊ की," आई म्हणाली. "पण मला कळत नव्हतं. तुला तर कळत होतं ना? मग सांगितलं का नाय?"