दुरुस्ती असल्यास उभे राहावे

नोंदकाकू कोणालाही माफ करत नसत, आणि त्यांना त्याचा जराही संकोच वाटत नसे. वय झालं की माणसं मवाळ होतात, जुनं विसरतात, सगळ्यांचं भलं चिंतू लागतात. काकूंनी असलं काही केलं नाही. साठीच्या उंबरठ्यावरही कोण, कधी, कुठल्या खोलीत काय म्हणालं हे त्यांना वेळेसकट आठवत असे. "एवढं मनाला लावून घेऊ नका," असं कोणी समजावू लागलं की त्या म्हणत, "मनाला कुठे लावलंय? वहीत लिहिलंय."

वही खरोखरच होती. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची, पाठीला कापडी पट्टी असलेली. पाया लेबार या भागातल्या आमच्या कार्यालयात सभांचं इतिवृत्त लिहिणं हे त्यांचं काम. आपसांत लढणाऱ्या देशांतल्या लोकांना सिंगापूरला आणून एका टेबलाभोवती बसवायचं, हा आमच्या संस्थेचा उद्योग. खाली मॉल, वर एकविसाव्या मजल्यावर शांतता. मी तिकिटं, खुर्च्या आणि मायक्रोफोन सांभाळत असे. काकूंना नोंदकाकू हे नाव मीच पाडलं. त्यांनी ते कोणी पाडलं याची चौकशी केली, मी कबूल झालो, आणि त्यांनी तेही लिहून घेतलं.

आमचे संचालक मराठीच. बँकेतून निवृत्त होऊन शांततेत उतरलेले. बोलताना उजवा हात छातीवर ठेवत. फोटोग्राफर दिसला की डावाही. इथल्या आमच्या गणेशोत्सवाच्या समितीचे अध्यक्षही तेच. एका वर्षी टॅम्पिनीसला काकूंच्या फ्लॅटमध्ये सहाजणींनी दोन दिवस खपून उकडीचे मोदक केले. आभाराच्या भाषणात अध्यक्षांनी सतरंज्या आणणाऱ्याचं नाव घेतलं, स्पीकर लावणाऱ्याचं घेतलं, गाडी कुठे लावायची ते हाताने दाखवणाऱ्याचंही घेतलं. शेवटी म्हणाले, "आणि अर्थातच, आपला महिला वर्ग!" टाळ्या झाल्या.

पुढच्या वर्षी मोदकांसाठी त्यांचा फोन आला. काकू म्हणाल्या, "महिला वर्गाला विचारा ना. माझी त्यांची ओळख नाही."

त्या वर्षी मोदक दुकानातून आले. टणक होते. काकूंनी समोर बसून दोन खाल्ले, अतिशय चवीने. त्यांची मुलगी, इथेच शिकलेली, कंटाळून म्हणाली, "आई, सो लाँग अगो. ड्रॉप इट ला." काकू म्हणाल्या, "तू ड्रॉप कर. मी उचलून ठेवते."

या स्वभावाचा जगाला काही उपयोग असेल असं मला वाटलं नव्हतं. मग ती परिषद आली.

त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथेच राहतात. सरकारी बाजूचे सहा पुरुष आणि बंडखोर बाजूचे सहा पुरुष टेबलाला बसले. चार बायका भिंतीलगतच्या खुर्च्यांवर. पुरुषांपुढे नावाच्या पाट्या आणि मायक्रोफोन होते, बायकांपुढे कार्पेट होतं. ही मांडणी संचालकांनी सांगितली आणि मी केली. निमंत्रणपत्रिकेवर मात्र 'महिलांचा सक्रिय सहभाग' हे शब्द सोनेरी अक्षरांत होते.

त्या चौघींपैकी मरियम नावाची एका शाळेची मुख्याध्यापिका होती. तिचं नाव मी लिहितो, कारण ते लिहिलं जावं असं तिनेच सांगून ठेवलं होतं. तिच्या भागात बाजाराला जाणारा एकच रस्ता. त्यावर दोन्ही बाजूंच्या चौक्या, त्यामुळे दोन वर्षं धान्य नाही, औषध नाही, शाळेत मुलं नाहीत. मरियम भिंतीजवळ उभी राहिली आणि मायक्रोफोनशिवाय बोलली: आठवड्यातून तीन दिवस रस्ता मोकळा ठेवा, त्या दिवशी बाजारात एकही बंदूक नको, आणि देखरेख बाजारात बसणाऱ्या बायका करतील, कारण कोण कुठून येतो हे त्यांनाच माहीत असतं. टेबलावरचे बाराजण हसले. चहा झाला. चहानंतर सरकारी बाजूच्या कर्नलने नेमकं हेच मायक्रोफोनमधून सांगितलं, फक्त बायका वगळून. संचालकांचा हात छातीवर गेला. "ऐतिहासिक सूचना!"

मधल्या सुट्टीत मरियम काकूंच्या टेबलाशी आली. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "माझं नाव लिहिलं?" काकूंनी वही तिच्याकडे फिरवली. तिने स्वतःच्या नावावर बोट ठेवून एक अक्षर दुरुस्त करून घेतलं आणि परत भिंतीकडे गेली.

हे नाव म्हणजे नुसता मान नव्हता. आमच्याकडे पद्धतच होती: इतिवृत्तात ज्याच्या नावावर मुद्दा, त्याला पुढच्या फेरीचं निमंत्रण. आणि पुढच्या फेरीत त्या रस्त्याची समिती नेमली जाणार होती. नाव गेलं तर मरियम गेली, आणि रस्ता पुन्हा चौक्यांवरच्या माणसांच्या हाती.

जेवणाआधी संचालकांनी काकूंना बोलावलं. मी खोलीतच होतो.

"कुमुदताई, जरा व्यापक शब्द वापरू या. 'सहभागींनी सुचवले.' कर्नलसाहेबांचं नाव राहू दे, ते पाहुणे आहेत. शांतता काही कुणा एकाची नसते."

"कर्नलची असते वाटतं?" काकू म्हणाल्या, आणि वही घेऊन निघून गेल्या.

मग संचालक माझ्याकडे वळले. माझ्या एम्प्लॉयमेंट पासच्या, म्हणजे इथे राहून नोकरी करण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणाचा अर्ज त्यांच्याच टेबलावर होता. त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही, फक्त कागद सारखा केला. मी संगणकावरच्या मसुद्यात मरियमच्या जागी 'सहभागी' लिहिलं. अर्धं मिनिटही लागलं नाही.

काकूंनी छापील प्रत पाहिली आणि माझ्याकडे बघितलं.

"तू?"

"काकू, माझा पास..."

"तुझा पास आहे. तिचा रस्ता आहे." त्यांनी माझ्यासमोर वही उघडली आणि मला दिसेल अशा बेताने लिहिलं: एक वाजून दहा. श्रीरंगने मरियमचे नाव काढले.

त्या रागावल्या नाहीत, हे पाहून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

समारोपाला संचालक भाषणासाठी उठले, तेव्हा काकूंनी हात वर केला. "नियम सातप्रमाणे आधी इतिवृत्त वाचून कायम करायचं आहे."

नियम सात कोणालाच आठवत नव्हता. आपल्याकडे प्रत्येक सोसायटीच्या, प्रत्येक वाचनालयाच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करतात आणि त्या वेळात मंडळी सुपारी कातरतात. काकूंनी तीच पद्धत परिषदेच्या नियमावलीत घालून ठेवली होती. इतिवृत्त सर्वांसमोर वाचावे. दुरुस्ती असल्यास उभे राहून, नाव सांगून मांडावी. दुरुस्तीही नावानिशी नोंदली जाईल. खाली संचालकांची सही होती. स्वतःचा फोटो नसलेलं पान ते वाचत नसत.

काकूंनी छापील प्रत बाजूला ठेवली आणि निळी वही उघडली. दुभाष्यांनी गळे साफ केले. त्या एका सुरात, बातम्या द्याव्यात तशा वाचत गेल्या. "दहा चाळीस. मरियम यांनी रस्त्याचा प्रस्ताव मांडला. दहा एक्केचाळीस. टेबलावरील बारा सदस्य हसले. अकरा पंचवीस. कर्नल यांनी मरियम यांचा प्रस्ताव पुन्हा मांडला, देखरेखीचा भाग त्यांना आठवला नाही. अकरा सव्वीस. संचालकांनी तो ऐतिहासिक असल्याचे सांगितले. अकरा बत्तीस. बंडखोर बाजूचे उपप्रमुख झोपी गेले. अकरा पन्नास. जागे होऊन सहमत झाले."

हेडफोनमधून हे त्यांच्या भाषेत पोहोचायला दोन सेकंद लागत. प्रत्येक वाक्यानंतर दोन सेकंद शांतता, मग भिंतीकडून खुसखुस. उपप्रमुख झोपले यावर सरकारी बाजू हसली. कर्नलला आठवलं नाही यावर बंडखोर हसले. दोन्ही बाजू एकाच सभेत हसल्याची आमच्या संस्थेतली ती पहिलीच वेळ.

"एक दहा," काकूंनी वाचलं. "कार्यालयाने मसुद्यातून मरियम यांचे नाव काढले." माझं नाव त्यांनी गाळलं. ती दया होती असं मी काही दिवस समजत होतो. मी तेवढा महत्त्वाचा नव्हतो, इतकंच.

"दुरुस्ती?"

कर्नल हलला नाही, उपप्रमुखही नाहीत. उभं राहून काय सांगणार? आपण झोपलो नव्हतो, की आपण चोरलं नाही? संचालक खुर्चीतून अर्धे उठले. काकूंनी पेन टेकवलं आणि अतिशय आदराने विचारलं, "सर, आपलं नाव पूर्ण लिहू?"

ते बसले. इतिवृत्त कायम झालं. दोन्ही बाजूंनी सह्या केल्या.

दोन महिन्यांनी काकूंचा करार संपला, तो पुन्हा झाला नाही. निरोपाच्या केकवर 'थँक यू टीम' असं लिहिलं होतं. संचालकांनी आमच्या एका सहकारी भगिनीबद्दल चार शब्द सांगितले. काकूंनी केक खाल्ला नाही. डबा मागून घेतला आणि खाली सफाई करणाऱ्या बाईंना, त्यांचं नाव विचारून, दिला.

मी टॅम्पिनीसला जात राहिलो. काकू दार उघडत, चहा देत, बिनसाखरेचा. "साखर?" मी विचारी. "अजून नाही." हे जवळजवळ दोन वर्षं चाललं. पुढच्या फेरीचा फोटो मी त्यांना दाखवला: टेबलाशी मरियम, समोर पाटी, पाटीवर नाव. काकूंनी चष्मा लावून तो मोठा करून पाहिला.

"कर्नल कुठे बसलाय?"

"भिंतीशी."

काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. रस्ता सुरू झाल्याची बातमी आली तेव्हाही त्यांना एवढा आनंद झालेला मी पाहिला नाही.

शेवटच्या आजारपणात त्या उठू शकत नव्हत्या. मुलगी चहा करत होती. काकू खोलीतून म्हणाल्या, "त्याच्यात अर्धा चमचा घाल. अर्धाच." मी धीर करून म्हटलं, "काकू, ती एक दहाची नोंद खोडता येईल का?"

"नोंद खोडत नाहीत रे. खाली दुसरी लिहितात. लिही की, हात आहेत ना?"

त्या गेल्यावर संस्थेने त्या रस्त्याच्या करारावर देखणी पुस्तिका काढली. प्रस्तावनेत लिहिलं आहे की मूळ कल्पना संचालकांना एका चिंतनाच्या क्षणी सुचली, आणि एका ज्येष्ठ महिला सहकाऱ्याने टंकलेखनात मोलाची मदत केली. माझ्याकडे आठवण मागितली होती. मी दिली नाही. मी आता वुडलँड्सला राहतो, दुसरीकडे नोकरी करतो, माझा पास दुसऱ्या कोणाच्या टेबलावर आहे. ती आठवण मी इथे लिहिली.

नोंदकाकूंचं नाव कुमुद विनायक पेठे. दहा चाळीसला बोलली ती मरियम. नाव काढलं ते मी, श्रीरंग. एका माणसाचं नाव या लेखात कुठेही नाही. ते मराठी वाचतात, आणि हा लेख त्यांच्यापर्यंत पोहोचेल याची मी व्यवस्था केली आहे. यात काही चुकलं असेल तर त्यांनी जरूर दुरुस्ती सुचवावी. उभं राहून, नाव सांगून.