दुधनीच्या फलाटावर

काही बिनसले की आमच्या खाणावळीच्या अक्का पदराला हात पुसत, तळ्यातल्या सिद्धरामाच्या देवळाकडे तोंड करत आणि म्हणत, "सिद्धरामा, तुज्या मनासारखं हू दे. पर आदी माजी पोरं जेवू देत." देवाला अशी अट घालणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. अक्कांची पोरे म्हणजे आम्ही, शिकायला सोलापुरात आलेली बाहेरगावची मुले.

मी मोहोळजवळच्या खेड्यातला, घरातला पहिलाच शिकणारा. पुढे पुण्यात बी.ए. झालो. ती पदवी अक्कांच्या भाकरीवर उभी आहे, असे मी मनापासून मानतो. मला त्या 'तम्मा' म्हणत, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ.

अक्कांचा नवरा वारला तेव्हा माहेराहून, दुधनीहून, थोरला भाऊ त्यांना न्यायला बैलगाडी घेऊन आला होता. अक्कांनी गाडी रिकामी परत पाठवली आणि खाणावळ काढली. आपल्या घरचे अन्न नको झाले, असे भावजयीला वाटले. तेव्हापासून दोघींचा अबोला.

मी मॅट्रिकला होतो. एका सकाळी अक्कांनी माझी भाकरी ताटात न वाढता शेजारच्या रिकाम्या पाटावर वाढली.

"अक्का, आज पाटाला बी जेवण व्हय?" आमच्यातला एक वात्रट म्हणाला.

"त्येला बी भूक असती की रं, मुडद्या." अक्का हसल्या. मग चुलीपाशी बसून हळूच म्हणाल्या, "मला तुमची तोंडं दिसंनात रं."

काचबिंदू होता. आता इलाज नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यानंतरही त्या चाचपडत स्वयंपाक करत राहिल्या. एके दिवशी पदर चुलीत गेला. आम्ही धावून विझवला. अक्कांनी मग स्वतःच चुलीवर पाणी ओतले.

"सिद्धराम दुधनीला जा म्हनतोय," त्या म्हणाल्या.

"वहिनी घरात घेतील?"

"त्ये मला काय ठावं? त्येला ठावं."

भावाकडे निरोप धाडला. उत्तर आले नाही. तरीही त्या निघाल्या. पोचवायला मी गेलो.

आगगाडीत त्या बाहेर काय दिसते ते मला विचारत होत्या, पण माझे मनगट त्यांनी सोडले नव्हते.

"भ्या वाटतंय का, अक्का?"

"वाटतंय की. म्हून तर त्येचं नाव घेतीया."

दुधनीला आम्ही उतरलो. गाडी गेली आणि फलाट मोकळा झाला. न्यायला कोणी आले नव्हते. "संध्याकाळच्या गाडीने परत जाऊ," मी म्हणालो. अक्कांनी गाठोड्यावर बसून लिंगायतांच्या रीतीने गळ्यात बांधलेले लिंग डाव्या तळहातावर घेतले आणि रोजच्यासारखी पूजा मांडली. मी रस्त्याकडे बघत राहिलो.

एवढ्यात हातात तांब्या घेतलेली एक जाडजूड बाई लगबगीने आली. अक्कांना पाहून थबकली. पूजा संपेपर्यंत तांब्या धरून उभी राहिली. मग म्हणाली, "फलाटावर पूजा कशापायी, वन्सं? घरात देवाला जागा न्हाय व्हय?"

अक्कांचा तळहात तसाच पुढे राहिला. "वैनी, तुमी कवा आलासा?"

"काल बी आलते. परवा बी आलते. निरोप मिळाल्यापास्नं दर गाडीला येतीया."

"मग उत्तर का न्हाय धाडलं?"

"आपन बोलत कुटं हुतो?"

अक्का इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. वहिनींनी तांब्यातले पाणी त्यांच्या हातावर घातले आणि गाठोडे स्वतःच्या काखेत मारले. दोघी हात धरून गावाच्या वाटेला लागल्या.

अक्कांना मी पाहिले ते शेवटचेच. पुढे मी पुण्याला गेलो आणि माझी पदवी होण्याआधीच त्या गेल्या. पण त्या दिवशी परतीच्या गाडीची वाट बघत मी फलाटावर बसलो होतो, तेव्हा गावाच्या वाटेवरून त्या दोघींचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता. इतक्या वर्षांनी त्या एकमेकींशी बोलत होत्या, आणि बोलणे एवढेच होते:

"दगड हाय."

"व्हय."

"आता उतार हाय."

"व्हय, वैनी."