गुरुजींचा नेपाळचा विमा

आमचे गुरुजी ओळखीच्या माणसाकडून कधीही लेखी काही घेत नसत. "लिहून मागितलं की त्याला वाटतं, आपण त्याला लबाड समजायलोय," असे ते म्हणत. उभी हयात दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार म्हणून काढलेल्या मला हे वाक्य सहन होत नसे.

निवृत्तीनंतर पत्नीला, म्हणजे आमच्या बाईंना, मोटारसायकलवर मागे बसवून येलदरीच्या धरणापर्यंत जाणे, हा त्यांचा छंद. पुढे त्याच गाडीवर नेपाळात मुक्तिनाथाला जायचे ठरले. बाई म्हणाल्या, "बसनं गेलं तर देव वळखणार न्हाई का?"

"देव वळखंल," गुरुजी म्हणाले, "पण मला मजा येणार न्हाई."

गाडीचा विमा देशाच्या हद्दीपुरता असतो. नेपाळसाठी तो वाढवून घ्यावा लागतो, आणि वाटेत गाडी बंद पडल्यास मिळणारी मदत तिकडे लागू आहे का, हे वेगळे विचारावे लागते. हे बजावून मी त्यांच्यासोबत जिंतूरला विमा एजंटाकडे गेलो. एजंट बालाजी त्यांचाच विद्यार्थी. कागद न उघडताच म्हणाला, "सर, तुमी फिकर करू नका. तुमचा प्लॅन सगळ्यात मोठा हाय, त्यात सगळं येतं."

"येते, तर तसे लेखी दे," मी म्हणालो. गुरुजींनी माझा हात दाबला आणि बाहेर आल्यावर मलाच रागावले. "शिरस्तेदार, पोराच्या तोंडावर असं बोलता? मी त्याला पाढे शिकवलेत."

नेपाळच्या घाटात इंजिन बंद पडले. मदतीच्या क्रमांकावर उत्तर मिळाले, की ही सेवा भारताबाहेर नाही. ज्या विमा कंपनीच्या जाहिरातीतली गाडी बर्फाच्या डोंगरांतून धावते, तिने सत्तरीच्या दांपत्याला भर रस्त्यात सीमारेषा शिकवावी, याला माझ्या शब्दकोशात निर्लज्जपणा म्हणतात. गाडी मालट्रकमध्ये चढवून दोघे अर्ध्या वाटेतून परतले.

मी विमा लोकपालांकडे करायच्या तक्रारीचा मसुदा केला. फक्त सही हवी होती. गुरुजींनी तो सावकाश वाचला. "मराठी झकास हाय तुमचं," म्हणाले, आणि घडी करून परत दिला. "पोराची एजन्सी जाईल."

"पोर चाळिशीचे आहे, गुरुजी."

"असू द्या की."

पुढे दम्याने त्यांचे गाडी चालवणेच बंद झाले आणि गेल्या हिवाळ्यात ते गेले. मुक्तिनाथ राहिले ते राहिलेच.

परवा माझ्या स्कूटरच्या विम्यासाठी बालाजीकडे गेलो आणि प्रत्येक अट लेखी मागितली. भांडणाच्या तयारीनेच गेलो होतो. "देतो की काका, त्यात काय," म्हणत त्याने चहा पिता पिता कागद काढून दिले. चेहऱ्यावर आठीसुद्धा नाही.

"गुरुजींनी असेच मागितले असते तर?" मी विचारले.

तो खाली बघत म्हणाला, "तवाच दिसलं असतं, नेपाळ न्हाई म्हणून. सरांनी मागितलंच न्हाई, काका."

कागद घेऊन मी रस्त्यावर आलो. इतका संताप या वयात बरा नव्हे, हे कळते. पण ज्यांच्याशी कडकडून भांडायचे, ते गुरुजीच आता नाहीत.